कोपराची उंची

मिस्त्री म्हणाला, काकू, हात जरा मोडा,
पोळी लाटताना धरता तसा.
फरशीपासून कोपरापर्यंत टेप लावला त्यानं.
सदतीस. त्यातून चार वजा.
कच्च्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं : ३३.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत एकतीस वर्षं
ओटा होता कुणा उंच साहेबाच्या मापाचा.
मी पाटावर उभी राहून भाकरी थापली.
पाटाचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेलं जुनं टाइमटेबल,
दरवर्षी नवं.

आता जामनेर रोडला दोन गुंठे, वर स्लॅब,
आणि जो तो विचारतोय,
सांग ना माय, तुले काय पाह्यजे?
पहिले दोन दिवस मला काही आठवेचना.

जळगावच्या दुकानात एका पोरानं
चिमणीखाली रुमाल धरला. सट्कन वर चिकटला.
पाहा मावशी, कशी ओढते.
मी म्हटलं, आणि भरताची वांगी?
चार किलो, तुराट्यांच्या जाळावर?
तो म्हणाला, मॅडम, बाराशेचं सक्शन आहे.
मावशीची मॅडम झाले,
वांग्यांचं उत्तर काही आलं नाही.
चिमणी नको. भिंतीत एक्झॉस्ट, लोखंडी पात्यांचा.
वांगी मागच्या दाराबाहेर, तीन विटांवर,
आणि तिथंच एक नळ, सालं सोलताना बोटं पोळतात म्हणून.

मिक्सर मात्र पाहून घेतला.
घरून पुडीत नेलेला काळा मसाला
तीनदा फिरवायला लावला. भरड राहिला पाहिजे,
पावडर लावायची नाहीये मला तोंडाला.
दुकानदार घड्याळ पाहत होता.

हर्षाली नाशिकहून फोनवर यादी वाचते,
ओव्हन, एअर फ्रायर, ते भांडी धुणारं.
मी म्हणते, अगं, मे महिन्यात
वरणाचं पातेलं गच्चीवर ठेव अन् खाली ये,
भुसावळच गरम करून देतं.
ती हसत नाही. तिला काळजी आहे माझी,
ती यादीतूनच बोलते.

कपाटवाल्याच्या चित्रात खापराला जागा नव्हती.
एवढा खोल कप्पा कशाला? वर्षातून किती वेळा मांडे?
दोनदा. आखाजीला, आणि जावई आले की.
मग दोनदासाठी?
अरे, उरलेले दिवस ते राहील कुठं?
त्यानं कप्पा काढला. बिबड्यांच्या डब्याचं
मी अजून सांगितलंच नव्हतं.

आणि पंखा. स्वयंपाकघरात पंखा.
वायरमन निंबा डोकं खाजवतो,
गॅस फडफडेल ना, काकू.
फडफडू दे. त्याला पत्र्याचा आडोसा करता येतो.
भिंतीवर लाव, पाठीमागं,
मानेवर येईल असा.
तिथं त्यानं खडूनं फुली मारली,
मी स्टुलावर चढून
ती वीतभर खाली घेतली.

हे दाराशी उभे होते पेपर घेऊन,
गार्डाच्या डब्यात उभे राहायचे तसे,
सगळं मागं जाताना पाहत.
सहा महिने झाले रिटायर होऊन.
दुपारी तीनदा विचारतात, चहा झाला का.

मी मिस्त्रीच्या हातातून टेप घेतला.
म्हटलं, इकडं या. हात मोडा.
मिस्त्री हसला, फिरके काकांचं कशाला?
धर तू खालून.
एक्केचाळीस. चार वजा.
सिंककडची बाजू सदतीसची कर, म्हटलं,
मधे एक पायरी येईल ओट्याला, येऊ दे.

मिस्त्रीनं यांच्याकडं पाहिलं.
यांनी पेपरची घडी केली, आणखी एक घडी केली.
भिंतीवर ३३ च्या शेजारी ३७ लिहून झालं,
तरी काही बोलले नाहीत.

मग खिडकीच्या मोकळ्या चौकटीपाशी गेले,
हात तिथवर पुरतो का पाहिलं,
आणि विचारलं,
साबण कुठं ठेवायचा?